चारशे बारा ग्रॅमची बाहुली

१८ ऑगस्ट, गुरुवार

जुन्या वहीत आकड्यांना जागा उरली नाही म्हणून आजपासून ही नवी.

इनेस्सा बोरिसोव्ना आज स्वतः घरी आल्या. इझेव्स्कमध्ये बर्फावर स्केटिंगसाठी मुली घडवणाऱ्या प्रशिक्षक पुष्कळ आहेत, पण ज्यांच्या मुली देशाच्या संघाच्या दारापर्यंत पोचतात अशा या एकच. सोबत अग्लाया होती, वय चौदा, आणि तिची आई रिम्मा, जी चार नंबरची ट्राम चालवते. या मोसमात अग्लाया "बाहुली" होणार. संगीत म्हणजे किल्ली दिली की वाजणाऱ्या डबीसारखा पियानो, टिंग टिंग टिंग, आणि शेवटी किल्ली संपते तशी ती गुडघ्यात दुमडून मान टाकते. इनेस्सा बोरिसोव्ना म्हणाल्या, "प्लातोन येफिमोविच, लोक विरघळले पाहिजेत."

मी म्हणालो, "विरघळायचं काम संगीताचं. माझं काम शिवण दिसू न देण्याचं."

मापं घेतली. टेप माझी मोठी बहीण झोयाताई धरते, मी आकडा लिहितो. मुलींच्या बाबतीत ही शिस्त मी पहिल्या दिवसापासून पाळली आहे. उंची १४८.३. धडाचा घेर, म्हणजे खांद्यावरून खाली मांड्यांमधून परत त्याच खांद्यापर्यंत, १३१. हा आकडा चुकला तर बाकी सगळं बरोबर येऊनही पोशाख फुकट.

मला हे कोणी शिकवलेलं नाही. मोटारसायकलच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. कारखाना थंडावला तेव्हा भाचीसाठी एक पोशाख कापला, तो चुकला, दुसरा कापला. सतरावा बरोबर आला. आज मॉस्कोचे शिंपी शिवणीच्या आत दीड सेंटिमीटर माया सोडतात, मी चार मिलिमीटर सोडतो. जादा कापड म्हणजे जादा वजन, आणि जादा वजन म्हणजे शिंप्याचा स्वतःच्या मापावर विश्वास नाही.

४ सप्टेंबर, रविवार

पोशाख पूर्ण. दुधी पांढरा, फुग्याच्या बाह्या, छातीवर लेस, पाठीला अंगाच्या रंगाची जाळी. खडे ६४०, प्रत्येक हाताने चिकटवलेला, कमरेपासून वर विरळ होत गेलेला. वजन ४१२ ग्रॅम. व्होल्गाच्या या बाजूला इतका हलका पोशाख दुसऱ्या कोणी केला असेल तर मला दाखवावा.

अग्लायाने तो अंगावर चढवला आणि ती आरशापुढे एकदा गोल फिरली. मग म्हणाली, "काका, मी यात खरंच छोटी दिसते."

मी म्हणालो, "पट्टा उंच बसवलाय म्हणून."

२५ सप्टेंबर, रविवार

काझानला पहिली स्पर्धा झाली. अग्लाया तिसरी. बर्फावर मऊ खेळणी पडली, मी मोजली, नऊ. त्यातलं एक आमच्याच गल्लीतल्या आजींनी विणलेलं होतं. त्या सहा तास बसमधून नुसत्या "आपली पोर" म्हणून ओरडायला गेल्या होत्या. जवळच्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "हा पोशाख मॉस्कोचा का?" मी पुढच्याच रांगेत होतो. मागे वळलो नाही, पण ऐकलं.

९ ऑक्टोबर, रविवार

संताप. अग्लाया फिटिंगला आली तर बाह्या दंडावर चढलेल्या आणि कमरेचा पट्टा बरगड्यांवर. माझ्या टेबलावरून जो पोशाख गेला तो हा नव्हेच. आटला आहे. गरम पाणी, दुसरं काय.

रिम्मा दाराशी उभी होती, ट्रामच्या गणवेशात. मी सरळ विचारलं, "मशीनमध्ये टाकलात?"

तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "हो. चुकून गेला."

"चुकून? सहाशे चाळीस खडे चुकून?"

"प्लातोन येफिमोविच, चूक झाली म्हणते ना. घाईत होते."

"किती डिग्रीला?"

"चाळीस," ती म्हणाली. मग, "साठ असेल."

आपण काय केलं हे ज्या बाईला धड माहीतही नाही तिच्या हाती मी असं काम सोपवलं. अकरा कलमांची सूचना टंकून दिली: थंड पाणी, बाळाचा साबण, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवा ठेवून वाळवायचा. रिम्माने ती घडी घालून खिशात ठेवली.   झोयाताईने तिला चहा दिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू साठ डिग्रीला पोशाख मीच धुतला.

मी बाह्या उसवून दोन मिलिमीटर मिळवले. आणखी मिळवायला जागाच नव्हती.

२३ ऑक्टोबर, रविवार

अग्लायाला उभं राहायची फार वाईट सवय लागली आहे. पाठीला पोक, गुडघे किंचित वाकलेले, मान पुढे. मी दोनदा सांगितलं, "सरळ उभी राहा, हा कट ताठ पाठीसाठी आहे." ती म्हणाली, "सवय झालीय, काका." झोयाताई तेवढ्यात गरम, खिमा भरलेल्या छोट्या पेरेपेची घेऊन आली, अग्लायाने तीन खाल्ल्या. मग चौथीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको. खाल्लं की वाढतं."

"काय वाढतं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि पेरेपेची उचलली.

जाताना रिम्मा मागे रेंगाळली. "थोडा सैल करता आला तर? इनेस्सा बोरिसोव्नांना न सांगता."

मी तिला शिवण उलटी करून दाखवली. "बघा. चार मिलिमीटर. इथून सैल करायला कापड कुठून आणू? मी ठिगळं लावत नाही."

तिने त्या चार मिलिमीटरवरून बोट फिरवलं. "किती बारीक शिवता हो तुम्ही," म्हणाली. कौतुक होतं, पण स्वर कौतुकाचा नव्हता.

५ नोव्हेंबर, शनिवार

मॉस्कोची स्पर्धा टीव्हीवर. घरात मी, झोयाताई, खालच्या मजल्यावरच्या गालिना स्तेपानोव्ना आणि त्यांचं मांजर. आमची पद्धत ठरलेली आहे. आपली मुलगी बर्फावर आली की टीव्हीचा आवाज बंद, कारण निवेदक नेमका उडीच्या आधी बोलतो आणि अपशकुन होतो. उडी झाली की आवाज परत चालू. परदेशी मुलींना आवाज चालूच. गालिना स्तेपानोव्ना प्रत्येक उडीला "ये बाई ये" म्हणून हात पुढे करतात, जणू मुलगी त्यांच्याच मांडीवर उतरणार आहे.

मी पोशाखांना गुण देतो, दहापैकी. आज आपल्या पहिलीला सहा: पाठीचा हूक दिसत होता. दुसरीला आठ. तिसरी पडली तेव्हा तिच्या बाहीची जाळी कोपरावर फाटली आणि कॅमेऱ्याने ती मोठी करून दाखवली. मी उठून उभा राहिलो. झोयाताई माझं लहानपणीचं नाव घेऊन म्हणाली, "तोशा, पोर पडलीय, तू जाळी बघतोस."

"जाळी धरली असती तर कोपर सोललं नसतं."

"ती रडते आहे रे."

ती रडत होती, हे खरं. प्रशिक्षक तिच्याशी बोलत नव्हते. सोळा वर्षांची, मागच्या वर्षी सगळं जिंकलेली. गालिना स्तेपानोव्ना म्हणाल्या, "वाढली ना ती उन्हाळ्यात. बघ, पाय केवढे लांब झालेत. आता उडी कुठली." आणि मांजराला खाली ठेवलं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायला मला पाणी प्यावं लागलं.

प्रादेशिक स्पर्धेत अग्लाया दोनदा पडली, नववी आली. इनेस्सा बोरिसोव्नांनी मला कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर गाठलं. चार आया, दोन प्रशिक्षक, पंच जेवायला चाललेले. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "पोशाखाने मुलीचे खांदे खाली ओढलेत, प्लातोन येफिमोविच. ती हात वर नेऊ शकत नाही. उडीला वर जाणार कशी? मी तुमच्या घरी आले हीच माझी चूक. ड्राफ्ट्समन तो शेवटी ड्राफ्ट्समनच."

अग्लाया तिथेच होती. तिने तोंड उघडलं, रिम्माने तिचा दंड धरला. दोघींपैकी एकीने तरी म्हणायचं होतं की मशीनमध्ये धुतला. कोणी म्हणालं नाही.

२० नोव्हेंबर, रविवार

पोशाख घरी मागवून घेतला. काचेच्या टेबलावर आडवा ठेवला आणि ऑगस्टचा नकाशा शेजारी. सोळा ठिकाणी मोजलं, प्रत्येक ठिकाणी तीनदा. बाह्यांचे मीच सोडलेले दोन मिलिमीटर वगळता सर्वांत मोठा फरक दीड मिलिमीटर.

पोशाख आटलेला नाही. साठ डिग्रीत गेलेला नाही, मशीनमध्ये गेलेला नाही. रिम्मा खोटं बोलली. न केलेला गुन्हा अंगावर घेण्यासाठी माणूस खोटं का बोलेल हे मला कळेना. पण आता तो प्रश्न माझा नाही. माझी शिवण निर्दोष आहे.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

अग्लायाला शाळेतून सरळ बोलावलं. झोयाताईने टेप धरली. अग्लाया परत वाकून उभी. मी म्हणालो, "टाचा भिंतीला, डोकं भिंतीला, श्वास घे." तिने घेतला. उंची १५३.९. धडाचा घेर १३७.५.

पाच सेंटिमीटर सहा मिलिमीटर, चौदा आठवड्यांत.

मी मोठ्याने म्हणालो, "सापडलं." खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दीड महिना ज्याच्या मागे होतो ते हेच.

अग्लाया भिंतीशी तशीच उभी. म्हणाली, "काका, हे लिहू नका."

"लिहिलं."

"मग खोडा ना."

"मी शाईने लिहितो, बाळ. आणि यात लाजायचं काय? तुझा दोष नाही, माझाही नाही. आकडा आहे."

झोयाताईने टेप गुंडाळली. बालरुग्णालयात तिने बत्तीस वर्षं परिचारिका म्हणून काढली आहेत, मुलांच्या बाबतीत आपल्यालाच कळतं असं तिला वाटतं. "तोशा, वही मिट," म्हणाली. "पोरीला खाऊ घाल आणि घरी पाठव. बास."

मी संध्याकाळी तक्ता केला: डावीकडे पोशाखाची सोळा मापं, ऑगस्ट आणि नोव्हेंबर, उजवीकडे मुलीची. खाली सही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तक्ता इनेस्सा बोरिसोव्नांना नेऊन दिला. त्यांच्या खोलीत, दार उघडं, म्हणजे त्या आयांपैकी कोणी असेल तर तिलाही ऐकू जावं. त्यांनी फार वेळ वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"मी तुमची माफी मागते," म्हणाल्या. "तुमचा पोशाख उत्तम आहे."

"धन्यवाद."

"दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः मोजते मुलींना. दाराच्या चौकटीला. माझ्याकडे तिची उंची दीडशेच आहे." त्यांनी बोट आकड्यावर ठेवलं. "वाकत होती म्हणजे." मग विचारलं, "आणखी किती वाढेल, काही अंदाज?"

मी म्हणालो, अंदाज मी करत नाही, रेषा काढतो. त्यांच्या मेजावरचाच कागद घेऊन आलेख काढून दिला. याच वेगाने मार्चमध्ये १५९. त्यांनी तो घडी घालून खणात ठेवला. मला दारापर्यंत पोचवायला आल्या, जे त्या कोणासाठी करत नाहीत.

येताना मधाचा केक आणला. झोयाताईने खाल्ला नाही.

१ डिसेंबर, गुरुवार

रिम्मा पाळी संपवून आली. टोपी काढली नाही, बसली नाही.

"अग्लायाला गटातून काढलं," म्हणाली. "आज सकाळी. सगळ्या मुलींसमोर नाही, एकटीला बोलावून. त्या तशा सभ्य आहेत. तुमचा कागद दाखवला तिला. म्हणाल्या, बघ, इथे रेषा कुठे चाललीय."

मी म्हणालो, "मी फक्त पोशाखाचं—"

"मला माहीत आहे तुम्ही कशाचं केलंत. पंधरा वर्षांची झाली की शरीर थांबतं, परत उड्या येतात, येतात काहींना. तेवढा एक हिवाळा काढायचा होता आम्हाला. ती तीन महिने गुडघे वाकवून चालली, प्लातोन येफिमोविच. बर्फावर, बर्फाबाहेर, शाळेत. गुडघ्यात पाणी झालं. मी मशीन म्हणाले, साठ डिग्री म्हणाले, तुमची अकरा कलमं घेतली." तिने खिशातून ती घडी काढून टेबलावर ठेवली. "सबंध शहरात मोजणारा माणूस एकच, आणि तो तुम्ही."

"मी खरं तेच लिहिलं होतं."

"हो ना," रिम्मा म्हणाली. "कोण नाही म्हणतंय."

ती गेल्यावर झोयाताई भांडी घासत राहिली. स्वच्छ भांडीही तिने परत घासली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. वही मिट म्हणाले."

२ डिसेंबर, शुक्रवार

इनेस्सा बोरिसोव्नांचा फोन. बाहुलीचं संगीत फुकट घालवायचं नाही. गटात वासिलिसा, मुलींची वास्या, म्हणून बारा वर्षांची मुलगी आहे, १४१ सेंटिमीटर, सगळ्या उड्या जागेवर. संगीत तिला, रचना तिला, पोशाखही तिला. पोशाख क्लबचा आहे, तेव्हा कायद्याने बरोबर. फक्त मी तो तिच्या मापाचा करून द्यायचा.

मी नाही म्हणालो. त्यांना सांगितलं, मी एकाचा पोशाख दुसऱ्यासाठी कापत नाही, हा माझा नियम आहे. नियम खरा आहे. पण नाही म्हणताना माझ्या मनात नियम नव्हता.

"मग दुसरं कोणी कापेल," त्या म्हणाल्या. संध्याकाळी माणूस येऊन पोशाख घेऊन गेला. मी तो डब्यात कागद घालून दिला, बाह्यांत कापूस भरून.

१४ डिसेंबर, बुधवार

कारखान्यामागे उघड्यावरचं छोटं रिंक आहे, तिथे पावेल निकानोरोविच बालवाडीतल्या मुलांना खुर्ची ढकलत बर्फावर चालायला शिकवतात. म्हातारे आहेत, कानटोपी कधी काढत नाहीत. आज मी तिथून जात होतो. मुद्दाम गेलो होतो, खोटं कशाला लिहू.

खुर्च्यांच्या मधून अग्लाया फिरत होती. उंच. मी तिला आजवर उंच पाहिलंच नव्हतं. तिहेरी उडी घेतली, पडली. परत घेतली, पडली. मग दुहेरी घेतली आणि उतरली, आणि उतरल्यावर जे मागे वाहत गेली ते इतकं लांब होतं की एक पोरगं खुर्ची सोडून बघत उभं राहिलं.

पावेल निकानोरोविच माझ्याकडे न बघता म्हणाले, "जानेवारीत कपची फेरी आपल्याच शहरात आहे. मी तिचं नाव शहरातर्फे दिलंय. पुढे जायला पहिल्या बारांत यावं लागतं. येईल की नाही, मला ठाऊक नाही. तिला एकदा उतरायचंय, एवढं ठाऊक आहे. तुम्ही मोजमाप करायला आलात का?"

हे टोमणे मला पचवावे लागतील.

अग्लाया कठड्याशी आली. "नमस्कार, काका."

काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं.  "रागावलीस?" एवढंच निघालं.

"आधी. खूप." तिने नाक हातमोज्याला पुसलं. "आता गुडघे दुखत नाहीत. म्हणून विचित्र वाटतं, रागावायला काही राहिलंच नाही."

"उतरायला पोशाख लागेल तुला."

"बाहुली नको."

"संगीत काय आहे?"

तिने कानातला एक इयरफोन मला दिला. बायान वाजत होतं, आपलं बटणांचं अकॉर्डियन, जुनं, खरखरीत, मध्येच वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. इतकं सावकाश की खड्यांना चमकायला निमित्तच मिळणार नाही. मी ते बोललो. ती हसली. "आजीच्या लग्नात कारखान्याच्या वाद्यवृंदाने वाजवलं होतं. नाव आता कोणालाच आठवत नाही. मी निवडलंय. स्वतः."

"रंग?"

तिने विचार केला. "बंदुकीची नळी असते ना, नवी. काळी म्हणावी तर निळी."

बंदुका घडवणाऱ्या आमच्या गावात हा रंग दाखवून द्यावा लागत नाही.

३१ डिसेंबर, शनिवार

कापड कापलं. सतरा दिवस विचार केला आणि वीस मिनिटांत कापलं.

प्रत्येक शिवणीला दोन सेंटिमीटर माया सोडली. खांद्याला तीन. आत लपवलेली पट्टी, जी उसवली की धडाचा घेर सहा सेंटिमीटरने वाढतो. असं बेढब काम मी आयुष्यात केलं नाही. खडे १८०. वजन ५३५ ग्रॅम. हा आकडा लिहिताना पेन दोनदा थांबलं.

झोयाताईने सॅलड वाढलं, बाहेर कोणीतरी दारूकाम उडवत होतं. ती पोशाख उलटा करून आतून बघत राहिली. "आतून छान झालाय," म्हणाली. आतून पोशाख कोणी बघत नाही.

१५ जानेवारी, रविवार

फिटिंग. रिम्मा आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण बसली, आणि चहा घेतला. अग्लाया भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध उभी राहिली. हात वर केले. खांदा जागचा हलला नाही.

"ओढतंय कुठे?"

"नाही."

"खरं सांग."

"काका, कुठेच नाही ओढत." मग आईकडे वळून, "आई, बघ." आणि परत हात वर केले. रिम्माने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं आणि चहा ढवळत राहिली, साखर न घालता.

२८ जानेवारी, शनिवार

आधी निकाल लिहितो, म्हणजे तो मधे येणार नाही. अठरा मुली. अग्लाया चौदावी. पुढच्या फेरीत नाही, या मोसमात कुठेच नाही. इनेस्सा बोरिसोव्नांच्या गटाचं दार तिच्यासाठी बंद झालं आहे आणि मॉस्कोहून कोणी बोलावणार नाही. हे तिला उतरण्याआधीही ठाऊक होतं, रिम्मालाही.

आता बाकीचं.

आमचं शहर आपल्या मुलींसाठी ओरडतं तेव्हा छपराचा पत्रा वाजतो. गल्लीतल्या आजी पहिल्या रांगेत, शस्त्रकारखान्यातल्या बायका त्यांच्या मागे, ट्रामच्या डेपोतून रिम्माच्या अकरा जणी गणवेशातच. त्यांनी चादरीवर नाव रंगवलं होतं, आणि शेवटचं अक्षर मावलं नव्हतं. अग्लाया बर्फाच्या मध्यावर गेली आणि उभी राहिली. लोक थांबले. बायान सुरू झालं.

तिहेरी एकच ठेवली होती आणि तिच्यावर ती पडली. सपशेल, कुल्ल्यावर. डेपोच्या बायका एका सुरात "ऊठ" म्हणाल्या, आणि ती उठली. बाकी सगळं दुहेरी. पण मधे एक लांब वळण आहे, एका पायावर, हात उघडे, सगळं रिंक फिरून येणारं. तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. मी पोशाख बघायला विसरलो. चौतीस पोशाख मी आजवर बर्फावर पाठवले, असं कधी झालं नव्हतं.

ती उभी राहूनच संपली. बर्फावर खेळणी किती पडली ते मोजलं नाही.

खोल्यांकडे जाताना पॅसेजमध्ये वासिलिसा उभी होती, दुधी पांढऱ्या पोशाखात. ज्याने कापला त्याने कमरेला चुण्या पाडल्या होत्या आणि उजवा खांदा सेफ्टीपिनने धरला होता. पिन उघडली तर मानेत जाईल. इनेस्सा बोरिसोव्ना पाठ करून फोनवर बोलत होत्या. मी गुडघ्यावर बसलो, सुई काढली, आठ टाके घातले. मुलगी पुतळ्यासारखी उभी. डोळे फक्त हलत होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही ते मोजणारे ना?"

"हो."

"मी वाढलेय का?"

बाही दंडावर कुठे बसते ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. टेप खिशात होती. टेपची गरजही नव्हती.

"माझ्याकडे टेप नाही आज," मी म्हणालो. "हात वर करून बघ, ओढतंय का."

तिने हात वर केले आणि इनेस्सा बोरिसोव्ना तिला घेऊन गेल्या.

मी वर आलो तर अग्लाया जॅकेट चढवून आईशेजारी बसली होती, गुणांचा कागद घडी घालून बुटात खोचलेला. बर्फावर वासिलिसा मध्यावर जाऊन पाय जुळवत होती. संगीत सुरू व्हायच्या आधी जी दोन सेकंद शांतता असते तेव्हा गटातल्या मुली एकमेकींचं नाव ओरडतात, ही त्यांची रीत. गटातल्या मुली समोरच्या कठड्याशी होत्या, पण त्या इनेस्सा बोरिसोव्नांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि गप्प होत्या.

अग्लाया उठली, हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, "वास्या, जोरात."

मग पियानो, टिंग टिंग टिंग. अग्लाया उभीच होती. मागच्या रांगेतल्या बाईने तिच्या पाठीला बोट लावलं. "बाळ, खाली बस ग. केवढी उंच आहेस, आम्हाला काही दिसत नाही."

अग्लायाने मागे वळून "माफ करा" म्हटलं. आणि बसली नाही.